प्रेमकथेचा खर्च कुणाच्या नावावर?

संशयी : माझी तक्रार सरळ आहे, बाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंडमध्ये काय काय हलत होतं बघा. बायका मताधिकारासाठी तुरुंगात जात होत्या, कारकुनांचा आणि शाळामास्तरणींचा नवा वर्ग उभा राहत होता, गावं शहरांच्या पोटात चालली होती. आणि कादंबरीकारांनी या सगळ्याचं काय केलं? एका तरुणीला दोन पुरुषांच्या मध्ये उभं केलं आणि विचारलं, यातला कोणता? प्रश्न समाजाचा मांडायचा आणि उत्तर लग्नाचं द्यायचं. एच. जी. वेल्सची १९०९ मधली ‘ॲन व्हेरोनिका’ घ्या. सुरुवात किती खरी आहे! बाप एका नृत्याला जायला बंदी करतो, मुलगी लंडनला निघून जाते, खोली घेते, नोकरी शोधते. बाईच्या कामाला मिळणाऱ्या पैशात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही, हे तिला कळतं. मग रॅमेज नावाच्या वडिलांच्या वयाच्या गृहस्थाकडून ती चाळीस पौंड उसने घेते, आणि ते पैसे त्यानं कशाची आगाऊ रक्कम म्हणून दिले होते, हे तिला हॉटेलातल्या बंद खोलीत समजतं. इथपर्यंत मी श्वास रोखून वाचते. पुढं ती मताधिकारवाल्या बायकांबरोबर पार्लमेंटवरच्या धडकेत सामील होते, तुरुंगात जाते. आणि तुरुंगात तिला काय उमगतं? की ही चळवळ आपल्यासाठी नाही. आपल्याला हवा आहे तो केप्स, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवणारा, आधीच लग्न झालेला. शेवटी चार वर्षांनी ती गरोदर आहे, नवरा यशस्वी नाटककार झाला आहे आणि बाप जेवायला आला आहे. घरातून पळून जाऊन मुलगी पोचली कुठं? दुसऱ्या एका जेवणाच्या टेबलाशी.

रसिक : वेल्सच्या शेवटाची वकिली मी करणार नाही. पण तुझ्या तक्रारीच्या मुळाशी जे गृहीत आहे ते मला मान्य नाही. लग्न हा खाजगी मामला आणि समाज हा बाहेरचा, अशी विभागणी तू करतेस. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ती नव्हतीच. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर पूर्ण मालमत्ता ठेवता यायला लागली १८८२ च्या कायद्यानंतर. बायकोला घरात कोंडून ठेवण्याचा हक्क नवऱ्याला नाही, हे अपील न्यायालयानं सांगितलं १८९१ मध्ये. घटस्फोटासाठी नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असं आणखी काहीतरी दाखवावं लागे. ही तफावत १८५७ पासून १९२३ पर्यंत चालली. म्हणजे बाईचं नागरिकत्व जर कुठं ठरत असेल, तर ते मतपेटीच्याही आधी शयनगृहाच्या दाराशी ठरत होतं. कादंबरीकार त्या दाराशी जाऊन उभा राहिला, तर तो समाजाकडं पाठ फिरवतो आहे असं कसं म्हणायचं?

गॉल्सवर्दीची ‘द मॅन ऑफ प्रॉपर्टी’ आठव. १९०६ साल. सोम्स फोर्साइटला बायको ही चित्रांसारखी, घरासारखी आपल्या मालकीची वाटते. आयरीन त्याला नकार देते, दाराला कडी लावून झोपते. एका रात्री कडी राहून जाते आणि सोम्स आपला हक्क बजावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्याहारी करतो आहे आणि तिचं रडणं त्याच्या कानातून जात नाही. त्याला आपण गुन्हा केला असं वाटत नाही, कारण कायद्यानं तो गुन्हा नव्हताच. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानं विवाहांतर्गत बलात्कार हा बलात्कारच, असं म्हटलं १९९१ मध्ये. गॉल्सवर्दीनं ते पंचाऐंशी वर्षं आधी एका प्रतिष्ठित सॉलिसिटरच्या घरात दाखवलं. आणि हे दाखवायला त्याला प्रेमकथाच लागली. आयरीन दुसऱ्या पुरुषावर, बॉसिनीवर, प्रेम करू शकते हे दिसलं, म्हणून सोम्सच्या घरात कशाचा अभाव आहे हे दिसलं. प्रेम नसतं, तर ती फक्त एक थंड, कृतघ्न बायको ठरली असती. सोम्सच्या नातेवाइकांना ती तशीच वाटते.

संशयी : कायद्याचं नाव काढलंत, तर मी माझ्या कोर्टातलं उदाहरण देते. आपल्या मुंबईतलं. रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी दावा लावला १८८४ मध्ये. दावा कशाचा? वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. हा काही आपल्या धर्मशास्त्रातला दावा नव्हे. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इथं आला. गंमत नव्हे, अन्याय बघा. ज्या १८८४ सालात इंग्लंडनं अशा हुकमाला न जुमानणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकणं बंद केलं, त्याच साली मुंबईत दावा दाखल झाला, आणि १८८७ मध्ये हायकोर्टानं रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. ‘अ हिंदू लेडी’ या सहीनं त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात आधीच लिहिलं होतं, बालविवाहावर, स्वतःच्या बुद्धीनं आणि स्वतःच्या शब्दांत. पुढं लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या नकाराला कुठल्याही बॉसिनीची गरज पडली नाही. मला हा नवरा नको, एवढं वाक्य पुरेसं होतं.

आणि तुमची आयरीन? ती संपूर्ण कादंबरीत बोलते किती? तिच्या मनात आपण एकदाही शिरत नाही. गॉल्सवर्दीनं पुढं स्वतःच प्रस्तावनेत कबूल केलं आहे की ती इतरांच्या नजरेतून आणि संवेदनांतूनच दिसते. ज्या बाईवर अत्याचार झाला तिला लेखक सौंदर्य देतो, सुगंध देतो, रेशमी कपडे देतो, वाक्य देत नाही. उलट सोम्सच्या मनाची एकूणएक खोली तो उघडून दाखवतो. प्रेमकथेनं तिला प्रेमाची वस्तू केली. सोम्सनं मालकीची वस्तू केली होती. अंतर आहे, मान्य. पण मला ते जितकं हवं तितकं नाही.

रसिक : आयरीनबद्दल तुझं म्हणणं मला लागतं, आणि बरोबर लागतं. पण रखमाबाईंचा नकार तू जसा स्वच्छ मांडतेस तसा तो त्या काळी सगळ्यांना ऐकू आला का? वर्तमानपत्रातलं पत्र वाचताना वाचक बाजू घेतो, आपली की तिची. कादंबरी वाचताना तो चारशे पानं त्या घरात राहतो. सोम्सच्या मनात शिरल्याशिवाय मालकीची भावना आतून किती निरागस असते, हे कळत नाही. तो राक्षस नाही, हेच त्यातलं भयंकर आहे. कितीतरी सज्जन वाचकांनी त्याच्यात स्वतःला पाहिलं असेल. तसा आरसा धरणं कोर्टाच्या निकालालाही जमत नाही.

आणि या कादंबऱ्या निरुपद्रवी होत्या, तर त्यांना एवढं घाबरायचं कारण काय होतं? ‘ॲन व्हेरोनिका’ मॅकमिलननं नाकारली. दुसऱ्या प्रकाशकानं काढल्यावर ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकानं तिला विषारी ठरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या फिरत्या ग्रंथालयांनी संघ करून ठरवलं की कुठली पुस्तकं वाचकांच्या हाती द्यायची आणि कुठली नाही, हे आपण बघू. मध्यमवर्गीय घरात कादंबरी यायची ती मुख्यतः या ग्रंथालयांतून, म्हणजे हा निर्णय लहान नव्हता. कुणाला भीती वाटत होती? घरातल्या मुलीच्या हाती पुस्तक पडलं तर ती काय करील, याची. मताधिकारावरची पत्रकं ती रस्त्यात घेऊ शकत होती. पण एखादी मुलगी पुरुषाला आपणहून सांगते की मला तू हवा आहेस, आणि लेखक तिला नदीत बुडवत नाही, वेडी करत नाही, चार वर्षांनी सुखात दाखवतो, हे त्यांना सहन होईना. तुला ज्या जेवणाच्या टेबलाचा राग येतो, त्याच टेबलानं ‘स्पेक्टेटर’चा संपादक खवळला होता. पापाची शिक्षा झाली असती, तर त्यानं पुस्तकाची स्तुती केली असती.

संशयी : ते देहाला घाबरले. बदलाला नाही. दोन्हींत गल्लत करू नये. १९०७ मध्ये एलिझाबेथ रॉबिन्स यांची ‘द कन्व्हर्ट’ आली. त्या स्वतः नटी, इब्सेनच्या भूमिका लंडनच्या रंगभूमीवर गाजवलेल्या. ‘व्होट्स फॉर विमेन’ हे आपलंच नाटक त्यांनी कादंबरीत नेलं. व्हायडा लेव्हरिंग ही नायिका. तरुणपणी तिचं एका पुरुषावर प्रेम होतं, गर्भ राहिला, वारसा जाईल या भयानं त्यानं तो ठेवू दिला नाही. आता तो मोठा राजकारणी आहे, लग्न ठरलेला. नेहमीची कादंबरी इथं काय करील? दोघांना रडवून एकत्र आणील, नाहीतर तिला मारील. रॉबिन्सबाई काय करतात? व्हायडा त्या जुन्या ऋणाची वसुली मागते, पण स्वतःसाठी नाही. मताधिकाराला पाठिंबा दे, एवढंच. प्रेमकथा तिनं राजकीय भांडवल म्हणून वापरली. आणि उघड्यावरच्या सभांची ती प्रकरणं! टोमणे, शेरेबाजी, गर्दीतला एखादा अचानक गप्प होणारा माणूस. इतकं जिवंत लेखन वेल्समध्ये नाही. आज ही कादंबरी कोण वाचतं? तुम्ही आम्हाला ती शिकवली नाहीत, बाई. अभ्यासक्रमात नव्हती. जिथं प्रेम शेवटी जिंकतं ती पुस्तकं टिकली, जिथं बाईनं प्रेमाचा हिशेब दुसऱ्याच खात्यात मांडला ते पुस्तक कपाटात गेलं.

आणि ॲन व्हेरोनिकाच्या मागे जी खरी मुलगी होती तिच्याकडं बघा. अंबर रीव्ह्ज. केंब्रिजला न्यूनहॅममध्ये शिकलेली, तत्त्वज्ञानात हुशार. वेल्सशी तिचे संबंध सगळ्या लंडनला माहीत होते. कादंबरी आली त्याच वर्षी तिनं दुसऱ्याशी लग्न केलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वेल्सच्या मुलीला जन्म दिला. कादंबरी तिथं संपते. बाईचं आयुष्य संपलं नाही. तिनं स्वतः कादंबऱ्या लिहिल्या, पहिल्या महायुद्धात दारूगोळा मंत्रालयात काम केलं, पुढं कितीतरी वर्षं मॉर्ली कॉलेजात प्रौढांना शिकवलं, १९८१ पर्यंत जगली. वेल्सच्या कल्पनेत यातलं काहीच मावलं नाही. त्याला ती प्रेमात पडलेली तेवढीच दिसली.

रसिक : वेल्सपुरतं तू जिंकलीस. रॉबिन्सबाईंचं पुस्तक मी शिकवायला हवं होतं हेही खरं. पण प्रेमकथा म्हणजे वेल्स नव्हे. लॉरेन्सची ‘द रेनबो’ घे. अर्सुला ब्रँगवेन, शेतकऱ्यांच्या घराण्यातली मुलगी. तिची प्रेमप्रकरणं तुला आठवत असतील. मला तिच्या शाळेची प्रकरणं जास्त आठवतात. गरीब वस्तीतली शाळा, खचाखच भरलेला वर्ग, हेडमास्तर हार्बीची दहशत. ती प्रेमानं शिकवायला जाते आणि एका पोराला छडीनं झोडपून काढते, तेव्हा कुठं तिला नोकरी जमते. १८७० च्या शिक्षण कायद्यानं बायकांसाठी जे दार उघडलं, त्याच्या आत काय होतं हे इतकं निर्दयपणे दुसऱ्या कुणी सांगितलं आहे? पगार आला, स्वातंत्र्य आलं, आणि आपला एक भाग मेला.

त्यानंतर तिचा प्रियकर स्क्रेबेन्स्की, सैन्यातला अधिकारी. त्याला हिंदुस्थानात जायचं आहे, राज्य करायला. अर्सुलाला त्या कल्पनेचा तिटकारा येतो. तिचं त्याच्याशी न जमण्याचं एक कारण हे आहे की तो स्वतः कुणीच नाही, साम्राज्याच्या यंत्रातला एक भाग आहे. मग गर्भ राहिल्याच्या शंकेनं ती घाबरते, मी तुझी बायको होऊन नीट वागेन असं त्याला लिहिते, आणि उत्तर येतं की त्याचं लग्न झालं. मूल राहत नाही. शेवटी ती एकटी उभी आहे, खिडकीबाहेर नव्या, कुरूप खाणघरांवर इंद्रधनुष्य आहे. इथं कुठं आहे तुझं जेवणाचं टेबल? या प्रेमकथेत नायिका प्रियकराला नाकारते तेव्हा ती सैन्य, वसाहत आणि बायकोपण एकाच वेळी नाकारते. १३ नोव्हेंबर १९१५ ला बो स्ट्रीटच्या न्यायाधीशानं कादंबरीच्या १,०११ प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. प्रकाशकानं बचावच केला नाही. हुकमाचं कारण अश्लीलता. पण युद्ध पेटलेलं असताना एक मुलगी सैनिकाला तोंडावर सांगते की तू असून नसल्यासारखा आहेस, हे वाचून कुणाला राग आला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

संशयी : अर्सुला मला आवडते. ती पगार मिळवते म्हणूनही आवडते. आता माझा खरा आक्षेप सांगते, कारण लग्नानं शेवट होतो की नाही हा आक्षेप तुम्ही मोडून काढलात. माझा आक्षेप खर्चाचा आहे. या कादंबऱ्यांतली प्रेमाची मोकळीक कुणाच्या पैशावर चालते? ‘हॉवर्ड्‌स एंड’ उघडू या. १९१०, फॉर्स्टर. श्लेगल बहिणी, मार्गारेट आणि हेलन, संगीत ऐकतात, चर्चा करतात, खरं बोलतात. मार्गारेटला वर्षाला सहाशे पौंड व्याज येतं. विल्कॉक्स मंडळींचा पैसा आफ्रिकेतल्या रबराचा. आणि तिसरा लिओनार्ड बास्ट, विमा कंपनीतला कारकून, रात्री पुस्तकं वाचून संस्कृती मिळवू पाहणारा. हेन्री विल्कॉक्स बोलता बोलता म्हणतो की ती कंपनी बुडणार आहे. बहिणी सदिच्छेनं लिओनार्डला ते सांगतात. तो नोकरी सोडतो, कमी पगाराची धरतो, तीही जाते. कंपनी बुडतच नाही. हेन्रीला या गोष्टीचं काही वाटत नाही. हेलन त्या दुःखात एका रात्री लिओनार्डच्या जवळ जाते, तिला दिवस जातात. मग ती त्याला पाच हजार पौंड देऊ करते, तो घेत नाही. ती ते पैसे पुन्हा गुंतवते आणि पहिल्यापेक्षा थोडी श्रीमंत होते! शेवटी हेन्रीचा मुलगा लिओनार्डला तलवारीच्या पात्यानं मारतो, पुस्तकांचं कपाट अंगावर कोसळतं आणि त्याचं दुर्बळ हृदय थांबतं. ज्या पुस्तकांसाठी तो झिजला त्यांच्याखाली तो मेला. आणि बहिणी? हॉवर्ड्स एंड या विल्कॉक्सांच्या घरात, गवताची कापणी चालू असताना, सुखी आहेत.

या कादंबऱ्यांत चहा कोण आणतं, हेही मी हल्ली मोजायला लागले आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बायकांचा सर्वांत मोठा धंदा घरकाम हाच होता. नायिका प्रेमाचा निर्णय घेत असते तेव्हा खोलीत कुणीतरी शेगडी पेटवून गेलेलं असतं. तिच्या प्रेमाची कादंबरी कुणी लिहिली?

रसिक : पण हे सगळं तुला कुणी सांगितलं? फॉर्स्टरनंच ना? पैशाची बेटं असतात आणि आपण त्यांवर उभे असतो, खाली समुद्र असतो, हे मार्गारेटच्या तोंडून तोच वदवतो. हेलन जास्त श्रीमंत झाली हे वाक्य त्यानं लिहिलं नसतं तर कुणाच्या लक्षात आलं असतं? तो खर्च लपवत नाही, वहीत टिपून ठेवतो. आणि त्या कादंबरीतला सर्वांत मोठा क्षण कुठला? हेन्रीची जुनी रखेली म्हणजे लिओनार्डची बायको जॅकी, हे मार्गारेटला कळलेलं असतं. तिनं ते पचवून हेन्रीशी लग्न केलेलं असतं. आणि तोच हेन्री गरोदर हेलनला एक रात्र त्या घरात झोपू देत नाही. त्या वेळी मार्गारेट त्याच्यासमोर उभी राहते आणि दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवते : तुझं आणि तिचं. घटस्फोटाच्या कायद्यातली जी तफावत मी मघाशी सांगितली, ती इथं एका नवऱ्याच्या तोंडावर फेकलेली आहे. कोर्टात नाही, मोर्चात नाही, लग्नाच्या आत. त्या लग्नात शिरल्याशिवाय तिला हे बोलता आलं नसतं. म्हणून मी म्हणते, प्रेमकथा ही समाजबदलाची सजावट नाही. दोन वर्ग इतक्या जवळून एकमेकांना इजा करू शकतील अशी दुसरी जागा कादंबरीला माहीत नाही.

रिबेका वेस्टची ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ बघ, १९१८. क्रिस युद्धावरून परततो तो पंधरा वर्षं विसरून. सुंदर, नीटनेटकी बायको किटी त्याला आठवत नाही. त्याला आठवते मार्गारेट, थेम्सकाठच्या खाणावळवाल्याची मुलगी, जी आता वेल्डस्टोनच्या उपनगरात गरिबीनं विटून गेलेली, कुणाची तरी बायको आहे. तो तिला बघतो आणि सुखी होतो. त्याला बरं करायचं म्हणजे काय? आठवण परत द्यायची, म्हणजे मेलेलं मूल, किटी आणि खंदक परत द्यायचे. मार्गारेट स्वतः जाऊन ते करते. तो बरा होऊन, शिपायासारखा ताठ चालत घराकडं येतो आणि किटीला समाधान वाटतं. आजार कुठला आणि बरं होणं कुठलं, हे ती छोटी कादंबरी उलटंपालटं करून टाकते. वर्ग, युद्ध, घर, सगळं एका प्रेमाच्या आठवणीवर तोललेलं. असं पुस्तक प्रेमाशिवाय लिहून दाखव.

संशयी : नाही दाखवता येणार. पण तुमच्याच उदाहरणातली ती मार्गारेट बघा. पुन्हा एकदा गरीब बाई देते आणि श्रीमंत घर घेतं. वेस्टला ते दिसतं आहे, म्हणून पुस्तक मोठं आहे, हे मी नाकारत नाही. मला विचारायचं आहे ते असं : खर्च दाखवणं आणि खर्च मान्य करणं यात फरक आहे की नाही? फॉर्स्टर लिओनार्डला मारतो तेव्हा त्याला वाईट वाटतं, वाचकाला वाईट वाटतं, आणि त्या वाईट वाटण्यानंच आपण मोकळे होतो. हेलनचं मूल, म्हणजे कारकुनाचं मूल, पुढं त्या घराचा वारस होणार. याला काही समीक्षक वर्गांचं मीलन म्हणतात. कारकुनाला स्वतःला मात्र त्या घरात जिवंत प्रवेश नाही. त्याचं रक्त चालतं, तो चालत नाही.

रसिक : हे कठोर आहे, आणि मला याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. फक्त एवढं सांगते की फॉर्स्टरलाही ते पुरेसं वाटलं नव्हतं. १९११ मध्येच त्यानं डायरीत लिहून ठेवलं की स्त्री-पुरुषांचं प्रेम हा एकच विषय मला हाताळता येतो आणि हाताळायची परवानगी आहे, आणि मी त्याला कंटाळलो आहे. मग १९१३-१४ मध्ये त्यानं ‘मॉरिस’ लिहिली. दोन पुरुषांचं प्रेम, त्यातला एक जमीनदाराचा शिकारराखा. त्यानं ठरवलंच होतं की शेवट सुखाचा करायचा. दोघांपैकी एकानं जीव दिला असता तर पुस्तक छापायला सोपं गेलं असतं. सुखी शेवट हाच त्यातला गुन्हा होता. ते हस्तलिखित पन्नासहून अधिक वर्षं कपाटात राहिलं आणि १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं. आता सांग, प्रेमाचा सुखी शेवट म्हणजे पळवाट, हे तुझं सूत्र इथं लागू पडतं का? इथं सुख हीच सामाजिक मागणी आहे.

संशयी : नाही पडत. हे मी मनापासून कबूल करते. पण ते दोघं जातात कुठं? रानात. इंग्लंडच्या एकाही गावात, एकाही गल्लीत त्यांच्यासाठी घर लेखकाला सुचलं नाही. म्हणजे प्रेमकथेनं समाजाला सांगितलं की तू चुकतो आहेस, आणि समाज सोडून दिला. आणि पुढं बघा. फॉर्स्टर १९१२ मध्ये आणि मग १९२१ मध्ये देवासला येतो, आपल्या मराठी पवारांच्या थोरल्या पातीच्या दरबारात, तुकोजीरावांचा खासगी सचिव म्हणून राहतो. १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ येते. तिच्यात ॲडेला आणि रॉनी यांचं ठरलेलं लग्न मोडतं, आणि हिंदी अझीझ व इंग्रज फील्डिंग यांची मैत्रीसुद्धा टिकत नाही. जमीनच तसं होऊ देत नाही. त्यानंतर तो सेहेचाळीस वर्षं जगला आणि एकही कादंबरी लिहिली नाही. मला वाटतं, साम्राज्याच्या समोर आल्यावर त्याला कळलं की दोन माणसं जवळ आली म्हणून दोन बाजू जवळ येत नाहीत. प्रेमकथेचा तो मूळ भरवसाच तिथं संपला.

रसिक : की तिथं तो पहिल्यांदा खरा झाला? जवळ येऊ न शकण्याचं दुःख तरी कुठून येतं? आधी जवळ यावंसं वाटलं म्हणून. अझीझ आणि फील्डिंग यांना एकमेकांची ओढ नसती, तर त्या शेवटाचं काहीच वजन राहिलं नसतं. तू प्रेमकथेला विचारतेस की तू समाज का बदलला नाहीस. मी तिला एवढंच विचारते की कुठल्या ठिकाणी बदल अडला, ते बोट ठेवून दाखवलंस का? शयनगृहाचं दार, चाळीस पौंडांचं कर्ज, एका रात्रीसाठी नाकारलेली खोली. तिनं दाखवलं.

संशयी : दाखवलं. मग माझा एकच प्रश्न उरतो, आणि तो जॅकीचा आहे. लिओनार्डची बायको. हेन्रीनं सायप्रसमध्ये तिला वापरलं, लिओनार्डनं दया म्हणून तिच्याशी लग्न केलं, बहिणींना ती ओशाळवाणी वाटली. नवरा मेला, त्याच्या मुलाला घर मिळणार. जॅकीचं पुढं काय झालं, हे कादंबरी सांगत नाही. तिचं खाणंपिणं, तिचं भाडं. तिनंही हेन्रीवर कधी प्रेम केलं असेल, कोण जाणे. ज्या लेखकानं हेलनच्या गुंतवणुकीचा हिशेब ठेवला, त्यानं हिचा ठेवला नाही. जी कला इतकं सगळं बोट ठेवून दाखवते, तिचं बोट या एका बाईजवळ येऊन का थांबतं?

रसिक : तू तिची आठवण काढते आहेस ती कादंबरीमुळेच. शंभराहून जास्त वर्षांनी, दुसऱ्या देशात बसून, जॅकी बास्टच्या भाड्याची काळजी करणारी एक वाचक तिनं घडवली.

संशयी : कादंबरीमुळे नव्हे, बाई. माझ्याकडं रोज जॅकी येतात, कोर्टाचे कागद घेऊन. त्यांच्यामुळे मला ती त्या पुस्तकात सापडली. पहिल्या वाचनात मीही तिच्याकडं बघितलं नव्हतं.

रसिक : मग आता तिसऱ्यांदा वाच, आणि तिच्या बाजूनं वाच. फॉर्स्टरनं तिला जेवढी वाक्यं दिली आहेत तेवढ्यांत तिचा हक्क उभा राहतो का ते बघ. राहिला, तर मी म्हणते ते खरं. नाही राहिला, तर ती कादंबरी कुणीतरी अजून लिहायची आहे, आणि ती प्रेमकथा असेल की नाही हे तिनंच ठरवायचं.